चार पंखांचा एक पतंग

८ जुलै २०१८, रविवार

शेवटी भगवानराव कबूल झाले. दर आठ-दहा दिवसांनी कपाशीवर फवारायला पंप बाहेर काढायचा ही त्यांची सवय. यंदा मात्र माझं यंत्र सांगेल तेव्हाच फवारणी करायची, असं ठरलं. जाताना त्यांनी बजावलं, "बाई, तुमची मशीन एकदा जरी चुकली, तं मी तारखेनं फवारा सुरू करन. मंग मले काही म्हणू नका." मी काही म्हणणार नाही, असं सांगून टाकलं.

गेल्या वर्षी बोंडअळीने सगळ्यांचं वाटोळं केलं. यंदा कृषी खात्याचे लोक घरोघर सांगत फिरतात की वावरात कामगंध सापळा लावा. सापळ्यात वासाची गोळी असते, त्या वासाला बोंडअळीचे नर पतंग येतात आणि नरसाळ्यातून खाली पिशवीत पडतात. सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग सापडले तरच औषध मारायचं, नाहीतर गरज नाही. सांगायला सोपं आहे. पण रोज उठून पतंग मोजणार कोण? दोन दिवस मोजतात, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याने पंप काढला की हेही काढतात.

म्हणून माझं यंत्र. नरसाळ्याच्या गळ्यात न दिसणारा उजेड सोडायचा, पतंग पडला की सावली पडते, सावली मोजायची आणि सकाळी भगवानरावांच्या आणि माझ्या मोबाईलवर आकडा पाठवायचा. आत एक बोटभर चिप आहे, तिच्यात बेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषा आहे. पॉलिटेक्निकला असताना मी बेसिक शिकले, तेव्हा तिला पोरखेळ म्हणायचे. मला ती आवडते. आपण ओळ लिहायची, चिप ती ओळ वाचते, समजून घेते, करते आणि पुढच्या ओळीवर जाते. कुठे अडली ते सरळ सांगते. माणसं इतकं सरळ सांगत नाहीत.

आई म्हणते, हे सगळं मी धाकट्या भावासाठी, संघर्षसाठी चालवलंय. उगाच काहीतरी. टीव्ही दुरुस्तीचा धंदा बसलाय, नेरमध्ये आता कुणी टीव्ही दुरुस्त करत नाही, नवाच आणतात. मला नवं काम पाहिजे, इतकंच. भगवानरावांच्या वावरात फवारणी माझाच भाऊ करतो, हा योगायोग आहे.

१४ जुलै, शनिवार

दुकानात सापळा टांगून बघितला. अंगणातल्या माश्या, डास, किडे सगळेच मोजले जातात. सकाळी आकडा आला सदुसष्ट. पिशवीत पतंग एकही नाही, बोंडअळीचा पतंग अजून वावरातसुद्धा निघालेला नाही.

सावली नुसती मोजून चालणार नाही, सावलीची थरथर मोजायला हवी. पतंग पंख सावकाश हलवतो, माशी त्याच्या कितीतरी पट जलद, डासाचं तर विचारूच नका. म्हणजे सावली पडल्यापडल्या सेकंदाला हजारो वेळा उजेड तपासायचा आणि पंख किती वेळा हलले ते काढायचं. बेसिकला हे झेपत नाही. ती बिचारी प्रत्येक ओळ नव्याने वाचते. हजाराव्यांदा तीच ओळ आली तरी आयुष्यात पहिल्यांदा बघितल्यासारखी वाचते. तोवर पतंग पिशवीत पोचलेला असतो.

संघर्ष शेजारी बसून हसत होता. म्हणाला, ताई, तुझी मशीन आपल्या आईसारखी आहे, यादी दहा वेळा वाचून मग बाजाराला निघते. आईने ऐकलं. त्याला चहा मिळाला नाही.

२२ जुलै, रविवार

उपाय सापडला. पूर्ण प्रोग्राम बेसिकमध्येच ठेवायचा. फक्त घाईचा तुकडा सी भाषेत लिहायचा. सीचं भाषांतर लॅपटॉपवर आधीच होऊन जातं, चिपला ते आयतं तिच्या स्वतःच्या भाषेत मिळतं. त्या भाषांतराचे आकडे बेसिकच्या प्रोग्राममध्ये मधोमध ठेवून द्यायचे. आठ-आठ अक्षरी आकड्यांच्या ओळी, त्यात ए पासून एफपर्यंतची इंग्रजी अक्षरंही येतात. बेसिक त्या ओळींपाशी आली की त्या वाचत बसत नाही, चिपला म्हणते, तूच बघ. मग वाऱ्यासारखं काम होतं.

पहिल्याच चाचणीत एक पतंग सोडला (पतंग म्हणजे दोऱ्याला बांधलेला कागदाचा कपटा) आणि पडद्यावर आकडा उमटला एकशे सहा कोटी त्रेपन्न लाख आणि वर काही हजार. मी कपाळावर हात मारला. संघर्षने विचारलं, एवढ्या पतंगांना औषध कुठून आणायचं?

दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं. बेसिकमध्ये मी आकडा ठेवला होता दशांशाच्या डब्यात, आणि सीने तो पूर्णांक समजून उचलला. आकडा तोच, पण आत ठेवायची रीत वेगळी. दोघांनी आधी एकमेकांना विचारायला पाहिजे होतं. बेसिक चूक दाखवते, सी दाखवत नाही. मनाला येईल ते उत्तर देऊन मोकळी होते.

२५ जुलै, बुधवार

आज दिवसभर चिप बंद पडत होती. सीच्या तुकड्याला बेसिकच्या घरात स्वतःची जागा नसते, हे मी विसरले. शे-दोनशे नोंदी ठेवायला मी तिथेच जागा मागितली, तर सी भलत्याच ठिकाणी लिहू लागली आणि सगळं कोसळलं. आता जागा बेसिकने द्यायची, सीने वापरून तशीच परत करायची. कामाला आलेल्या बाईने घरातल्याच कोपऱ्यातल्या झाडूने झाडायचं, तसं. चालायला लागलं.

मैनाबाई, म्हणजे भगवानरावांची बायको, दुकानात येऊन सापळा बघून गेल्या. यंत्र लागल्यावरही पहिले काही आठवडे पिशवीतले पतंग त्यांनी हाताने मोजायचे आणि मला फोन करायचा, असं ठरलं. यंत्राची परीक्षा घ्यायला कुणीतरी पाहिजेच.

२९ जुलै, रविवार

आकड्यांची तपासणी. लॅपटॉपवरून चिपमध्ये आकडे वायरीने जातात, आणि माझ्या या जुन्या वायरीचा भरवसा नाही, मागे एकदा अख्खी ओळ गळाली होती. म्हणून चिपमधून यादी परत काढून कागदावर छापते आणि संघर्षला मोठ्याने वाचायला लावते. मी लॅपटॉपवर बघून टिक करत जाते. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला दोन माणसं लागतातच.

आज त्याने तीन ठिकाणी बी ला आठ वाचलं. मी खेकसले. तो म्हणाला, छपाई बारीक आहे. छपाई बारीक आहेच. मी कागद परत त्याच्यापुढे सरकवला आणि तीच ओळ पुन्हा वाचायला सांगितली. दुसऱ्यांदा बरोबर वाचली. मग उगाचच आणखी एक पान वाचून घेतलं.

गेल्या वर्षी सप्टेंबरात भगवानरावांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेली होती. तिच्यात शिरून संघर्ष फवारत होता, वारा तोंडावर. संध्याकाळी घरी आला तो भिंत धरत. मला म्हणाला, ताई, लाईट गेली काय? लाईट होती. यवतमाळच्या दवाखान्यात बाजूच्या खाटांवरही फवारणीचीच माणसं होती. डॉक्टरांनी वाचवलं, नजरही आली. पण पूर्ण आली का, हे तो सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. मुलीवाले मात्र येतात ते आधी डोळ्यांचंच विचारतात.

असो. छपाई बारीक आहे.

५ ऑगस्ट, रविवार

वावरात कपाशीला पाती, म्हणजे फुलांच्या कळ्या धरल्या आहेत, पतंग निघाले. भगवानरावांनी पकडून काडेपेटीत घालून पाच-सहा पाठवले. आईने एकेक करून नरसाळ्यात सोडला. एक पतंग, एक आकडा. मध्ये माशी सोडली, आकडा हलला नाही. परत पतंग, आकडा पुढे. एकदाही चूक नाही.

मला इतका आनंद झाला की मी आईला मिठी मारली. ती म्हणाली, हात धू, पाखराची भुकटी लागली आहे. नंतर ती विहारात वर्षावासाच्या वाचनाला गेली आणि तिथल्या सगळ्या बायकांना सांगून आली की साधनाच्या मशीनला माशी आणि पतंग वेगळे कळतात. आता लोक मला घरातल्या ढेकणांचंही विचारतील.

१२ ऑगस्ट, रविवार

यंत्र वावरात लावलं. अमरावती रस्त्याच्या बाजूने, भगवानरावांच्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, थोडं आत, बांबूवर सापळा, वर छोटी सौर पाटी. संघर्षने बांबू गाडला. भगवानराव यंत्राकडे कमी आणि संघर्षकडे जास्त बघत होते. नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, आता बरा आहे नं पोरगा? मी म्हटलं, ठणठणीत.

२० ऑगस्ट, सोमवार

सकाळी मोबाईलवर आकडा आला नऊ. अजून ऑगस्टच चालू आहे आणि नऊ?

मैनाबाईंना फोन केला. त्यांनी पिशवी सोडून मोजले होते, चार. म्हणजे यंत्र जास्त मोजतंय. हे माझ्या लगेच लक्षात आलं, कारण पतंग काही सरळ पडत नाही. नरसाळ्याच्या तोंडाशी फडफडतो, वर येतो, परत आत जातो. एकच पतंग दोन-तीनदा मोजला जातो. मी प्रोग्रामात एक ओळ टाकली की एकदा पतंग मोजला की थोडं थांबायचं, काहीच बघायचं नाही. मग पुढचा.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

यंत्र सात, मैनाबाई चार. थांबण्याचा वेळ वाढवला.

२८ ऑगस्ट, मंगळवार

यंत्र सहा, मैनाबाई पाच. आणखी वाढवला. आता एक पतंग मोजला की दहा मिनिटं यंत्र डोळे मिटून घेतं. जरा जास्तच वाटतं खरं, पण हिशेब तिकडेच सरकतोय.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

यंत्र पाच, मैनाबाई पाच. जमलं. काल चार आणि चार, आज पाच आणि पाच. बाईमाणसाचा हात आणि माझी चिप एकाच आकड्यावर आली, याहून मोठा पुरावा कुठला?

मग एक साफसफाई केली. थांबण्याची ती ओळ बेसिकमधून काढून सीच्या तुकड्यात आत घालून टाकली. बेसिकचा प्रोग्राम आता कसा सुटसुटीत दिसतो. कुणीही वाचावा. आतला तुकडा नुसते आकडे आहेत, ते कुणी वाचत नाही, वाचून कुणाला कळणारही नाही. संघर्षने परत सगळे मोठ्याने वाचले. आज एकाच ठिकाणी बी चा आठ केला.

संघर्ष सध्या माझ्याबरोबर दुकानात बसतो. पाण्याच्या मोटारींचे स्टार्टर उघडतो, पुसतो, वायर जोडतो. हात चांगला आहे. मधूनच म्हणतो, फवारणीचं काम नाही म्हणून तू मला खेळवतेस. मी म्हणते, मोटारी जळल्यात लोकांच्या, कर मुकाट.

९ सप्टेंबर, रविवार

आज पोळा. भगवानराव बैल घेऊन वेशीवर आले होते, शिंगांना लाल रंग, अंगावर झूल. माझ्याकडे बघून त्यांनी लांबूनच हात वर केला. आजूबाजूच्या वावरांत तिसरा फवारा झाला आणि त्यांचा पंप अजून गुरांच्या कोठ्यातच आहे. लोक त्यांना विचारतात आणि ते माझं नाव सांगतात. त्यांच्या वावराच्या उत्तरेकडच्या दोघा शेतकऱ्यांनी असंच यंत्र मागितलं. आई म्हणाली, पोरीने नाव काढलं. मी तोंडावर काही दाखवलं नाही, पण पुरणपोळ्या दोन जास्त खाल्ल्या.

गावभर औषधाचा वास आहे. आमच्या घरात नाही.

१५ सप्टेंबर, शनिवार

भगवानराव दुकानात आले. हातात रुमालात बांधलेली काही फुलं. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या आत चिकटलेल्या, उघडलेल्याच नाहीत. त्याला डोमकळी म्हणतात, आत अळी असली की फूल असं मिटतं. त्यांनी एक फोडून दाखवली, आत बारीकशी अळी.

"मशीन पाच म्हणते," ते म्हणाले, "आन् वावर काही दुसरंच म्हणून राह्यलं."

मी त्यांना समजावलं. थोडी अळी असणारच, तिच्यासाठी औषध मारायचं नसतं, म्हणून तर आठाची मर्यादा आहे. यंत्राचा आणि हाताचा आकडा रोज जुळतो. ते ऐकत होते, पण बघत होते रुमालाकडेच. जाताना एवढंच म्हणाले की मंगळवारपर्यंत वाट बघतो, मग तारखेने सुरू करतो, आता मागचंही भरून काढायला लागेल, आठवड्याला एक फवारा घ्यावा लागेल.

मला राग आला. इतके दिवस बरोबर आलेला आकडा एका फुलावरून खोटा ठरवायचा? मी संघर्षजवळ तावातावाने बोलत सुटले. त्याने ते डोमकळीचं फूल उचललं, डोळ्यांजवळ नेलं, मग जरा लांब धरलं.

१६ सप्टेंबर, रविवार

सकाळी न सांगता वावरात गेले. मला मैनाबाईंसमोर मोजणी करून भगवानरावांचं तोंड बंद करायचं होतं.

मैनाबाई धुऱ्यावर सूप घेऊन बसल्या होत्या. पिशवी सुपात उलटी केली, बोटांनी पसरवली आणि मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच पतंग एका बाजूला. मग सुपातला बाकीचा कचरा त्यांनी तूर पाखडावी तसा फटक्यात पाखडून टाकला. वाऱ्यावर काहीतरी चमकलं.

मी विचारलं, काकू, ते काय होतं? त्या म्हणाल्या, काही नाही, मुंगळ्यांनी खाल्लेले. पिशवीला पहिल्या आठवड्यापासूनच छिद्र पडलंय, रात्री मुंगळे शिरतात, अंग खाऊन टाकतात, पंख तेवढे राहतात. मी म्हटलं, ते मोजत नाही तुम्ही? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी कुजका कापूस वेचायला सांगितलाय. "आख्खे मोजाले सांगतले नं तुमी. मोडके कायले मोजाचे?"

मी तसं कधीच सांगितलं नव्हतं. पण मोडके मोजा, असंही सांगितलं नव्हतं. चांगला माल एका बाजूला, मोडका बाहेर, हे त्यांच्या हाताला जन्मभराचं वळण आहे. धान्य असो, सरकी असो, की पतंग.

गवतात बसून दोघींनी पंख वेचले. पतंगाला चार पंख, दोन वरचे, दोन आतले. चार पंखांचा एक पतंग धरून मोजलं, काही उडून गेले असतील ते सोडून. आख्खे पाच आणि पंखांचे नऊ. चौदा.

यंत्र सकाळी म्हणालं होतं पाच.

१७ सप्टेंबर, सोमवार

आज काही केलं नाही. कुणाला काही सांगितलं नाही. मैनाबाईंनाही म्हटलं, मी तपासून सांगते.

काय झालं ते आता लख्ख दिसतं. पहिल्या दिवशी यंत्र नऊ म्हणालं ते खरं होतं, किंवा खऱ्याच्या जवळचं होतं. मैनाबाईंचा आकडा कमी होता. मी यंत्राला त्यांच्या आकड्याशी जुळेपर्यंत थांबायला लावलं. दहा मिनिटं डोळे मिट. हे पतंग तर पहाटे एकदमच येतात, एकामागून एक. पहिला मोजायचा आणि बाकीचे यंत्राच्या मिटल्या डोळ्यांसमोरून जायचे. पतंग जितके जास्त तितकी चूक मोठी. आणि ती ओळ मीच उचलून आकड्यांच्या आत टाकली, जिथे कुणी बघत नाही. मीही परत बघितली नाही. काडेपेटीतून एकेक सोडले तेव्हा सगळं बरोबर यायचंच.

मला इतकंच कळत नाही की आठ दिवसांत तीन वेळा मी वेळ वाढवला तेव्हा मला एकदाही शंका का आली नाही. कागदाच्या कपट्याने एकशे सहा कोटी दाखवले तेव्हा मी दोन तास डोकं खाजवलं. यंत्राने नऊचे पाच केले तेव्हा मी मैनाबाईंना पिशवी दाखवा असं म्हटलंसुद्धा नाही.

उद्या मंगळवार आहे. यंत्र दुरुस्त केलं तर आकडा चौदा येईल, आणि संघर्ष पंप उचलेल. नाही केलं तर आकडा पाचच राहील.

भीती वाटते. लिहायला काय हरकत आहे, भीती वाटते.

१८ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी दुकान उघडायच्या आधी संघर्षला सगळं सांगितलं. पंख, सूप, दहा मिनिटं. तो स्टार्टरचा स्क्रू फिरवत होता, तो फिरवतच राहिला. मग विचारलं की भगवानरावांना सांगितलं का. मी नाही म्हटलं. का नाही, असं त्याने विचारलं नाही.

थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, मशीन खरं सांगन तं मले एक नाही तं दोन फवारे करा लागतीन. मशीन खोटी निंगाली तं भगवानराव तारखेनं मारतीन, आन् लोकं त्याहीचं पाहून मारतीन. मंग मी आठ डाव फवाराले जाईन. मले वाचवाचं असन तं खरं मोज."

मी म्हटलं, तुला वाचवायचा प्रश्न कुठे आहे यात. तो म्हणाला, बरं, नाही तर नाही.

मग आम्ही दोघं भगवानरावांकडे गेलो. मी उभ्याने सांगितलं, चूक माझी आहे, यंत्राची नाही, मला शुक्रवार सकाळपर्यंतच्या तीन रात्री द्या, आजच नीट करते. मैनाबाईंना वाटलं मी त्यांना दोष देतेय, त्या रडवेल्या झाल्या. मी म्हटलं, काकू, तुम्हाला सांगितलं तेच तुम्ही केलंत, सांगणारीने नीट सांगितलं नाही. भगवानरावांनी बोटांवर दिवस मोजले. रागावले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, तीन राती. पुढे एक दिवस नाही.

सापळा उतरवून दुकानात आणला, दिवसभर बसून तुकडा नव्याने लिहिला. थांबणं पूर्ण काढून टाकलं. नरसाळ्याच्या गळ्यात आता उजेडाच्या दोन रेषा आहेत, एक वर, एक खाली. वरची सावली आधी आणि खालची नंतर पडली तरच पतंग आत गेला, असं धरायचं. तोंडाशी फडफडून वर गेला तर मोजायचाच नाही. आणि दोन्ही रेषांमध्ये किती अंतराने सावली पडली पाहिजे तो आकडा सीमध्ये ठेवला नाही. बेसिकमध्ये, वरच्या पहिल्याच ओळीत ठेवला, पुढे मराठीत दोन शब्द लिहिले. उद्या कुणी बदलला तर दिसेल. मी बदलला तरी दिसेल.

वावरातून काडेपेटीत नवे पतंग आणले होते, ते एकेक न सोडता आईने सगळे एकदम सोडले. सहा सोडले, सहा आले. मग वावरात जाऊन सापळा परत टांगला आणि पिशवी बदलली, छिद्र नसलेली. बांबूला खाली ग्रीस फासलं, मुंगळे चढू नयेत म्हणून.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

बारा. पंधरा. आज अकरा.

मैनाबाईंनी तिन्ही दिवस फडफडून मोडलेलेही मोजले, सुटे पंख चार-चारच्या ढिगाने मांडून. बारा, चौदा, अकरा. चौदाच्या दिवशी एक कुठे गेला म्हणून त्या अर्धा तास शोधत होत्या.

मी भगवानरावांना फोन करून सांगितलं, फवारणी करा. ते म्हणाले, संघर्षले विचारा, येतो का, नाहीतर मी दुसरा माणूस पाहतो. मी फोन संघर्षच्या हातात दिला. त्याने येतो म्हटलं.

रात्री आईने त्याच्या ताटात भाकरी वाढताना एक जास्त वाढली.

२३ सप्टेंबर, रविवार

उजाडताच वावरात गेलो. मी अमरावतीहून मागवलेले हातमोजे, चष्मा आणि तोंडाला बांधायची ती डबीवाली पट्टी त्याला घालायला लावली. तो म्हणाला, चंद्रावर चाललोय का? यंदा भगवानरावांनी पऱ्हाटीचे शेंडे खुडलेत, ती त्याच्या छातीपर्यंतच आहे. वाऱ्याकडे पाठ करून तो ओळ धरून चालत होता आणि मी धुऱ्याने त्याच्या बरोबरीने. भगवानराव एकदा म्हणाले, बाई, तुम्ही सावलीत बसा. मी म्हटलं, मला सापळा बघायचाय. सापळा दुसऱ्या टोकाला होता.

ऊन चढायच्या आत काम संपलं. विहिरीवर साबण लावून आंघोळ, कपडे वेगळे, मग घर. आईने दारातच त्याला थांबवून डोळ्यांत बघितलं. जेवण झालं. तो झोपला. मी दुकान उघडलं नाही, बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले. आत तो कूस बदलतो ते ऐकू येत होतं.

दिवेलागणीला तो उठून बाहेर आला. माझ्या टेबलावर मंगळवारी छापलेली यादी पडली होती. ती तपासून झाली होती, तीन रात्रींच्या आकड्यांनी तपासून झाली होती. त्याने ती उचलली, खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसला.

"लॅपटॉप उघड," तो म्हणाला. "मी वाचतो."

मी म्हटलं, कशाला, त्याची गरज नाही आता.

"मले माहीत आहे गरज नाही," तो म्हणाला. "जुलैपासूनच माहीत आहे. उघड."

मी उघडला. त्याने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आठ, बी, शून्य, तीन, बी, बी, आठ, एफ. सावकाश, कागद मांडीवर ठेवून, डोळ्यांजवळ न नेता. मी टिक करत गेले. दुसरं पान झालं, तिसरं झालं. आई आतून येऊन दाराला टेकून उभी राहिली, तिने दिवा लावायचा म्हणून बटणावर हात ठेवला आणि मग त्याला विचारलं, दिसतं का रे एवढ्या उजेडात?

तो न थांबता पुढची ओळ वाचत होता. सगळे आकडे बरोबर होते. मला पडद्यावरचे दिसेनासे झाले होते, तरी मी टिक करत राहिले.